नापा व्हॅलीतला किल्ला: कास्तेलो दी आमोरोसा नीट कसा बघावा

कॅलिफोर्नियातलं वाइनसाठी प्रसिद्ध खोरं म्हणजे नापा व्हॅली. तिच्या उत्तर टोकाला, कॅलिस्टोगा गाव यायच्या थोडं आधी हायवे २९ सोडून झाडीतला चढ चढलात की समोर दगडी किल्ला उभा राहतो. पाच बुरूज, कोरडा खंदक, त्यावर उचलता पूल. वळण इटलीतल्या तेराव्या शतकातल्या तोस्काना प्रांताचं, पण किल्ला लोकांसाठी उघडला तो एप्रिल २००७ मध्ये. नाव कास्तेलो दी आमोरोसा. आत रीतसर वाइन तयार होते, मुरते आणि विकलीही जाते.

बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या मराठी घरांत आई-वडील किंवा सासू-सासरे भारतातून आले की नापाची एक फेरी ठरलेली असते, आणि कुठल्या वाइनरीत न्यायचं हा प्रश्नही. घरात कुणी पिणारं, कुणी न पिणारं, कुणाचे गुडघे दुखतात, कुणी शुद्ध शाकाहारी, शिवाय एखादं दहा वर्षांचं पोर. अशा गोतावळ्याला सगळ्यांत जास्त देणारी जागा मला हीच वाटते. मात्र थेट चाखायच्या टेबलावर जाऊन बसलात, चार घोट घेतलेत, फोटो काढलेत आणि निघालात, तर इथलं खरं धन बघायचंच राहतं. आधी इमारत, मग तळघर, वाइन सर्वांत शेवटी. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

निघण्याआधी एवढा इतिहास माहीत हवा

किल्ला बांधणारे दारियो सातुई. त्यांचे पणजोबा व्हित्तोरियो सातुई इटलीहून आले आणि १८८५ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत वाइनचा धंदा सुरू केला. १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली आणि धंदा बंद पडला. दारियोंनी १९७६ मध्ये सेंट हेलेना गावात ‘व्ही. सातुई’ या नावाने तो पुन्हा उभा केला. तो चांगला चालला, आणि त्या कमाईतून त्यांनी आपलं मध्ययुगीन वास्तुकलेचं वेड पुरं केलं. डायमंड माउंटनच्या पायथ्याशी १७१ एकर जमीन घेतली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यात काम सुरू केलं. ते बारा वर्षांहून जास्त चाललं.

आठ मजले, त्यातले चार जमिनीखाली. १०७ खोल्या. सुमारे १,२१,००० चौरस फूट बांधकाम. हाताने घडवलेला जवळजवळ ८,००० टन दगड, आणि युरोपातल्या जुन्या इमारतींमधून आणलेल्या सुमारे दहा लाख विटा. दारांच्या बिजागऱ्या, खिळे, दिव्यांच्या चौकटी असलं लोखंडी काम घणावर ठोकून केलेलं आहे. ‘नकली किल्ला’ म्हणून नाक मुरडणारे लोक भेटतात. त्यांना माझं एकच सांगणं: विटेला हात लावून बघा. ज्या पद्धती युरोपातही आता क्वचितच वापरतात, त्यांनी एवढं मोठं बांधकाम आपल्या डोळ्यांदेखत झालं. हे काम करणाऱ्या गवंड्यांचं आणि लोहारांचं कौतुक वाटलंच पाहिजे.

दिवस आणि वेळ निवडताना

द्राक्षांची काढणी साधारण ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत चालते. तेव्हा वेलींवर घड दिसतात आणि हवेत आंबण्याचा वास असतो, पण गर्दीही तेव्हाच उसळते. ऑक्टोबरमधल्या शनिवारी दुपारी गेलात तर इमारत शांतपणे बघायला मिळणार नाही. शक्य असेल तर मंगळवार ते गुरुवार यातला दिवस घ्या आणि सकाळची पहिली वेळ पकडा. खोऱ्यात सकाळी बऱ्याचदा धुकं असतं. दक्षिणेकडच्या सॅन पाब्लो खाडीवरून थंड हवा आत शिरते आणि दहा-अकराच्या सुमारास धुकं उठतं. कॅलिस्टोगा खाडीपासून सर्वांत लांब असल्याने दुपारी तिथे चांगलंच तापतं.

हिवाळ्यातही जा, असं मी आग्रहाने सांगेन. जानेवारी ते मार्च या काळात वेली निष्पर्ण असतात, पण ओळींच्या मधोमध मोहरी पिवळीधमक फुललेली असते आणि गर्दी निम्म्यावर येते. नाशिक-सांगलीकडचे बागायतदार पाहुणे असतील तर त्यांना हाच काळ दाखवा. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, अशी वेल वर्षातून दोनदा छाटतात, कारण आपल्या हवेत ती झोपतच नाही. नापात थंडीने वेल आपोआप झोपते आणि हिवाळ्यात एकदाच छाटली जाते. आपली द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये निघतात, तेव्हा इथे कात्री चाललेली असते. बागायतदार माणूस या एका गोष्टीवर तासभर बोलू शकतो, आणि त्याला बोलू द्यावं.

ऑगस्ट ते ऑक्टोबर हा वणव्यांचाही काळ आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी धुराची आणि हवेच्या दर्जाची स्थिती बघाच. सप्टेंबर २०२० मधल्या ‘ग्लास फायर’ वणव्यात या किल्ल्याच्या आवारातली फार्महाउसची इमारत आणि तिथे साठवलेली वाइन जळून गेली. दगडी किल्ला वाचला. त्या वर्षी धुराचा वास द्राक्षांत उतरल्यामुळे नापातल्या अनेकांनी लाल वाइन केलीच नाही. म्हणून यादीत २०२० ची लाल वाइन दिसली, तर ती कुठल्या मळ्याची आणि काढणी वणव्याच्या आधीची की नंतरची, हे जरूर विचारा.

बुकिंग

वेळ आधी ऑनलाइन घ्या. साधारण दोन पर्याय असतात: वाइन चाखणं आणि स्वतःच फिरून किल्ल्याचा काही भाग बघणं, किंवा वाटाड्यासोबत टूर आणि शेवटी चाखणं. पहिल्यांदा जात असाल तर दुसराच घ्या. पैसे जास्त पडतात, पण तळघरांचा मोठा भाग टूरशिवाय बघायला मिळत नाही, आणि तोच तर बघायचा.

बुकिंग करतानाच तीन गोष्टी विचारून घ्या. पहिली मुलांच्या वयाची अट. अगदी लहान मुलांना टूरमध्ये घेत नाहीत. मोठ्या मुलांना वाइनऐवजी द्राक्षाचा रस देतात. दुसरी जिन्यांची. टूर तळघरात उतरते, फरशी ओबडधोबड आहे आणि पायऱ्या दगडी. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आजींसाठी काय सोय होईल हे दारात पोहोचल्यावर विचारण्यात अर्थ नाही. तिसरी, न पिणाऱ्या माणसाचं तिकीट कसं आकारतात ती.

पोहोचायचं कसं, आणि गाडी कोण चालवणार

सॅन फ्रान्सिस्कोहून अंतर सुमारे १२० किलोमीटर. गोल्डन गेट ओलांडून १०१ ने उत्तरेला, मग ३७ आणि १२१ वरून हायवे २९. फ्रीमाँट, सॅन होजेकडून येणाऱ्यांना ६८० आणि ८० वरून येणं सोयीचं. नापा गावाच्या पुढे २९ वर शनिवार-रविवारी गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. त्याला समांतर, खोऱ्याच्या पूर्व कडेने जाणारा सिल्व्हराडो ट्रेल मोकळा असतो आणि दिसायलाही सुंदर आहे. जाताना तो घ्या आणि कॅलिस्टोगाच्या जवळ आडव्या रस्त्याने २९ वर या. गाडी नसेल तर नापा ते कॅलिस्टोगा ‘व्हाइन’ या स्थानिक बससेवेची १० नंबरची बस २९ वरूनच जाते, मात्र हमरस्त्यापासून किल्ल्यापर्यंतचा चढ पायी चढावा लागेल. उबरने गेलात तर परतीची गाडी खोऱ्याच्या या टोकाला लगेच मिळेल असं गृहीत धरू नका.

आता सर्वांत महत्त्वाचं. गाडी चालवणारा माणूस घरून निघतानाच ठरवा, आणि त्याने एक थेंबही घेऊ नये. कॅलिफोर्नियात रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के आहे, आणि चार-पाच चाखण्यांचे घोट मिळून भरलेल्या पेल्याच्या वर सहज जातात. त्यात एच-वन किंवा दुसऱ्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांनी हेही लक्षात ठेवावं की दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द होऊ शकतो. खटल्याच्या निकालाची वाटही बघितली जात नाही. एका दुपारच्या मौजेसाठी एवढी जोखीम कुणी घेऊ नये. उघडलेली बाटली गाडीत बसायच्या भागात ठेवणंही कायद्याने चालत नाही. ती डिकीतच हवी.

सोबत काय घ्यावं

प्रत्येकाचं ओळखपत्र. चाखण्यासाठी वय २१ पूर्ण लागतं, आणि पांढरे केस बघून सूट मिळेलच असं नाही. भारतातून आलेल्यांनी पासपोर्टच घ्यावा. सपाट तळाचे बूट. उन्हाळ्यातही एक शाल किंवा स्वेटर, कारण बाहेर ३५ अंश असले तरी तळघरात गारठा असतो. पाण्याच्या बाटल्या. गाडीत एक थंड पेटी आणि बर्फ. विकत घेतलेली वाइन दुपारभर बंद गाडीत तापली तर तिची चव मेलीच म्हणून समजा. आणि एक सूचना बायकांना व पुरुषांना सारखीच: त्या दिवशी अत्तर लावू नका. शेजारच्याला वाइनचा वास कळत नाही.

आधी बाहेरून, सावकाश

टूरच्या वेळेआधी अर्धा-पाऊण तास पोहोचा आणि बाहेरची बाजू स्वतः फिरून बघा. गडकिल्ले तुडवलेल्या मराठी माणसाला इथे वाटाड्याची गरज नाही. खंदक, तट, चर्या, जंग्या, दिंडी हे सगळे शब्द आपल्याला पाठ आहेत. फक्त फरक कुठे आहेत ते शोधायचं.

पहिला फरक तोफेचा. तेराव्या शतकात युरोपात तोफ आलेली नव्हती. शत्रू शिडी लावून चढणार, दार फोडणार, भिंत खणणार, हीच भीती. म्हणून तोस्कानात मनोरे उंच आणि चौकोनी, जितके उंच तितके सुरक्षित. आपल्याकडे शिवकाळात तोफा होत्या, म्हणून बुरूज ठेंगणे, रुंद आणि गोलाकार: गोळा घसरावा आणि वर तोफ फिरवायला जागा मिळावी. सिंधुदुर्गाचे बुरूज डोळ्यांसमोर आणा आणि मग इथले मनोरे बघा. चारशे वर्षांचं युद्धशास्त्र तेवढ्या फरकात आहे.

दुसरा फरक खंदकाचा. सह्याद्रीत बहुतेक ठिकाणी कडाच खंदकाचं काम करतो, म्हणून खंदक भुईकोटांनाच जास्त. तोस्कानातल्या टेकड्या चढायला सोप्या, म्हणून खणावं लागतं. उचलत्या पुलावर थांबून खाली बघा आणि शत्रूच्या जागी स्वतःला ठेवा. पूल वर गेला की तुम्ही खड्ड्यात, आणि वरून दगड.

चर्यांचा, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या दातेरी कठड्याचा भाग भिंतीच्या पुढे आलेला जिथे दिसेल, तिथे खालून वर बघा. अशा पुढे आलेल्या भागाच्या तळाला भोकं ठेवून पायथ्याला बिलगलेल्या शत्रूवर दगड किंवा उकळतं पाणी टाकायची सोय असे. जंगीच्या, म्हणजे बाण मारायच्या फटीचा आकारही बघा: बाहेरून अरुंद, आतून पसरट. धनुर्धाऱ्याला कोन मिळावा आणि बाहेरच्याला नेम मिळू नये.

मला सर्वांत आवडतात त्या इथल्या मुद्दाम केलेल्या विसंगती. खरा किल्ला एका पिढीत होत नाही. कुणी मनोरा वाढवतो, कुणी खिडकी बुजवतो, कुणी पडकी भिंत वेगळ्या दगडाने सांधतो. सातुईंनी हे सगळं बांधतानाच आणलं आहे. भिंतीत बुजवलेली दारं-खिडक्या दिसतील, डागडुजी केल्यासारखे भाग दिसतील. मुलांना सोबत घेऊन हे शोधायला लावा. कोण जास्त शोधतो अशी पैज लावली तर तासभर कुणी कंटाळत नाही.

आत: काय चुकवू नये

मोठ्या दिवाणखान्यात, म्हणजे ग्रेट हॉलमध्ये, भिंतींवर फ्रेस्को, म्हणजे गिलाव्यावर रंगवलेली चित्रं आहेत. ती रंगवायला दोन इटालियन चित्रकारांना सुमारे दीड वर्ष लागलं. तिथली दगडी शेकोटी सुमारे ५०० वर्षं जुनी आहे, युरोपातून आणलेली. छोटं चर्चही आहे. तिथे दोन मिनिटं बसा आणि छताच्या कमानी बघा.

छळाच्या खोलीत मुलं धावत जातात. तिथे खिळ्यांची उभी पेटी आहे, जिला ‘आयर्न मेडन’ म्हणतात. ती जुनी वस्तू असून सातुईंनी इटलीत पिएन्झा इथे विकत घेतली. पण मध्ययुगात असल्या पेट्या वापरल्याचा पुरावा इतिहासकारांना सापडलेला नाही. ही कथा अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत पसरली आणि मग तशा पेट्या प्रदर्शनांसाठी जुळवल्या गेल्या. मुलांना हे सांगा. खोली तेवढीच भीतिदायक राहते, आणि इतिहास तपासून घ्यायची सवय लागते.

खरा ऐवज तळघरात. पिपांचं मोठं दालन सुमारे १२,००० चौरस फुटांचं आहे, आणि छत एकमेकांना छेदणाऱ्या रोमन पद्धतीच्या कमानींचं. इथे मान वर करून उभे राहा. दोन अर्धगोल कमानी काटकोनात छेदल्या की छताचा भार चार कोपऱ्यांतल्या खांबांवर उतरतो, मधली भिंत लागत नाही आणि जागा मोकळी राहते. पिपं गडगडत न्यायची असतील तर असंच दालन हवं. म्हणजे सौंदर्य आणि सोय एकाच कमानीत.

ओक लाकडाचं नेहमीचं पीप २२५ लिटरचं, म्हणजे ३०० बाटल्यांचं. लाकडातून पाणी आणि अल्कोहोल थोडं थोडं उडून जातं आणि पिपात पोकळी तयार होते. तिथे हवा साठली तर वाइन बिघडते, म्हणून कामगार पिपं ठरावीक दिवसांनी वरपर्यंत भरत राहतात. जमिनीखाली तापमान वर्षभर जवळजवळ एकसारखं राहतं, म्हणून एवढं खोल खणलं. वाटाड्याला इथे दोन प्रश्न विचारा: ओक फ्रान्सचा की अमेरिकेचा, आणि नव्या पिपांचं प्रमाण किती. अमेरिकन ओकने व्हॅनिला, खोबऱ्याकडे झुकणारा गोड वास येतो. फ्रेंच ओक मसालेदार आणि संयत. वर गेल्यावर पेल्यात तो वास ओळखू आला की तळघरात उतरल्याचं सार्थक होतं.

चाखताना

हलक्यापासून जडाकडे जा: पांढऱ्या, मग सांजोव्हेजे आणि काबर्ने सोव्हिन्यों या लाल द्राक्षांच्या, शेवटी गोड. तोस्कानाचं खास द्राक्ष सांजोव्हेजे, त्यामुळे ते इथे सोडू नका. ‘ला कास्तेलाना’ ही काबर्नेशी सांजोव्हेजेचा मेळ घालणारी मिश्र वाइन. ‘इल बारोने’ ही त्यांची खास काबर्ने. जड, तुरट, मुरवत ठेवण्याजोगी. वाइनची सवय नसलेल्या पाहुण्यांना ती प्रथम देऊ नका, त्यांचं तोंड आक्रसेल. त्यांच्यासाठी अँडरसन व्हॅलीच्या द्राक्षांची गेवुर्त्सट्रामिनर ही पांढरी वाइन बरी: गुलाब, लिचीसारखा वास, आणि आपल्या तिखट जेवणाबरोबर जमणारी. तुमच्या यादीत नसेल तर मागून बघा, बदल करून देतात.

पेला दांडीला धरा, तिरका करून रंग बघा, फिरवा, नाक आत घाला, मग छोटा घोट. तोंडात दोन-तीन सेकंद खेळवा. पटली नाही तर टेबलावरच्या भांड्यात ओता. त्यात कुणाचा अपमान नाही, ते भांडं त्यासाठीच असतं. मध्ये मध्ये पाणी प्या.

शाकाहारी माणसांनी एक गोष्ट विचारावी. वाइन नितळ करण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसीन किंवा माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. तो नंतर गाळला जातो, पण ज्याला पाळायचं आहे त्याला माहीत असायला हवं, आणि अमेरिकेत बाटलीवर ते लिहिण्याची सक्ती नाही. चीजच्या ताटाबाबतही तेच: अनेक चीज वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेटने, म्हणजे दूध साकळवणाऱ्या द्रव्याने केलेली असतात. विचारल्यावर सांगतात.

पहिला पेला झाला की वाइन क्लबची माहिती येईल. यांची वाइन दुकानांत मिळत नाही, त्यामुळे सभासदत्व काहींना परवडतं. पण वर्षाला किती खोकी घ्यावी लागतील आणि रद्द कसं करायचं, हे वाचल्याशिवाय सही करू नका.

जेवण आणि जोडीला काय

किल्ल्यात उपाहारगृह नाही, तेव्हा रिकाम्या पोटी येऊ नका. सकाळी पोटभर पोहे खाऊन निघा. नंतर सेंट हेलेनाला ‘व्ही. सातुई’त जा, तिथे चीज-पावाचं दुकान आहे आणि झाडाखाली बसून खायला बाकं. तिथलं विकत घेतलेलं तिथे खायचं, घरचा डबा नाही.

दिवसाला दोनच वाइनरी करा. दुसरी म्हणून कॅलिस्टोगातलीच शातो माँतेलेना घ्या. १८८२ मध्ये स्थापन झालेली, दगडी इमारतीची. १९७६ मध्ये पॅरिसला डोळे बांधल्यासारखी, म्हणजे नावं झाकून झालेल्या स्पर्धेत हिच्या १९७३ च्या शार्डने या पांढऱ्या वाइनने फ्रेंच वाइनना मागे टाकलं, आणि नापाचं नाव जगभर झालं. मुलं सोबत असतील तर त्याऐवजी कॅलिस्टोगाचा ‘ओल्ड फेथफुल’ उष्ण पाण्याचा फवारा दाखवा.

बाटल्या भारतात नेताना

भारतात येताना प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते. बाटली ७५० मिलीची, म्हणजे माणशी दोन. तिसरी घेतलीत की सव्वादोन लिटर होतात आणि जास्तीच्या दारूवर भरभक्कम कर लागतो. त्यापेक्षा बाटल्या आई-बाबांच्या दोन बॅगांत वाटा. हातातल्या सामानात चालत नाहीत. चेक-इन बॅगेत मधोमध, कपड्यांत गुंडाळून, वरून प्लॅस्टिकची पिशवी. भरलेल्या बाटलीचं वजन सव्वा ते दीड किलो असतं, तेवढं २३ किलोंतून वजा धरा.

पुण्या-मुंबईच्या घरी त्या ओट्यावर किंवा फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नका. तिथे उष्णता आणि थरथर दोन्ही. वाइनसाठी वेगळं कपाट नसेल तर फ्रिजमधल्या भाजीच्या खणात आडव्या ठेवा आणि काही महिन्यांत संपवा. लाल वाइन पिण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा.